वाचकांचे प्रश्न : आफ्रिकन साहित्यावरचा पेपर पाठवायचा कुठे?

मागच्या महिन्यात दलित आत्मकथनं आणि आफ्रिकन कादंबरी यांच्यावर चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेज थांबेचनात. नागपुरात या विषयावर बरीच मुलं काम करून राहिली हे माहीत होतं, ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली तर तेवढं कळतंच, पण सगळ्यांची गाडी एकाच जागी येऊन अडते हे आत्ता कळलं. ती जागा म्हणजे जर्नल, म्हणजे संशोधनाचे पेपर छापणारं नियतकालिक. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलं.

प्रश्न : ताई, मी इंग्रजीत पीएचडी करतेय. विषय दलित स्त्रियांची आत्मकथनं आणि आफ्रिकन लेखिका. मागच्या आठवड्यात एका इंटरनॅशनल जर्नलचा मेल आला की तुमचा पेपर तीन दिवसांत छापतो, अठराशे रुपये जीपे करा, सर्टिफिकेट पण देतो. माझ्या सोबतचे सगळे असेच छापून राहिले. गाईड म्हणतात कुठेतरी टाक एकदाचं अन् मोकळी हो. काय करू? – एक वाचक, नंदनवन

नको देऊस गं. पैसे तर जातीलच, पण तुझा पेपरही जाईल, ते जास्त वाईट, कारण एकदा तिथे छापला की तोच पेपर दुसरं कुठलंही चांगलं जर्नल घेत नाही.

तू पाठवलेली लिंक रात्री जेवण झाल्यावर नीट उघडून बघितली. त्यांच्या शेवटच्या एका अंकात एकशे बारा पेपर आहेत. सोयाबीनवरची कीड, जीएसटी आणि किराणा दुकानदार, योगासनं, आणि मधेच चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ कादंबरीवर साडेतीन पानं. ती साडेतीन पानं मी वाचली. त्यात कादंबरीचा नायक ओकोन्क्वो याला दोन ठिकाणी राजा म्हटलंय. अगं तो राजा कुठला, तो कुस्तीत नाव कमावलेला, रताळ्यासारखा याम नावाचा कंद पिकवणारा शेतकरी, आणि त्याच्या उमुओफिया गावाला राजाच नाही हा तर त्या पुस्तकातला कळीचा मुद्दा. म्हणजे तो पेपर छापायच्या आधी एकाही माणसाने वाचला नाही. कुणीतरी जाणकार तुझं लिखाण नीट वाचतो, चुका काढतो, भांडतो, त्याच्यासाठीच तर जर्नल असतं, तेच होणार नसेल तर अठराशे रुपये कशाचे?

त्यांनी आयएसएसएन नंबर मोठ्या अक्षरात दिलाय, त्यावर जाऊ नको. आठ आकडी असतो, कुठल्याही नियतकालिकाला मागितला की मिळतो, फुकट मिळतो. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून ब्रेक चांगले असं कुणी म्हणतं का? दुसरं, इंपॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या एकेका लेखाचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा, ७.८ लिहिलाय. खरा इंपॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनी देते, आणि कला-साहित्याच्या यादीतल्या जर्नल्सना तो देणंच मुळी २०२३ पासून सुरू झालं, आणि आपल्या विषयातली नावाजलेली जर्नल्स सुद्धा एकाच्या आतबाहेरच असतात. कथा-कादंबरीवरच्या जर्नलला ७.८ म्हटलं की समजून घ्यायचं.

यूजीसीचं म्हणशील तर आपल्याकडे या गोष्टीने फार गोंधळ घातला. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स एका झटक्यात काढली, मग २०१९ मध्ये केअर यादी आली, पुणे विद्यापीठात तिचं काम चालायचं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद केली, आता जर्नल कसं ओळखायचं याचे फक्त निकष दिलेत अन् जबाबदारी विद्यापीठावर. पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही अट तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांतच राहिली नाही. तेव्हा आधी तुझ्या विद्यापीठाचं आत्ताचं परिपत्रक हातात घे, सीनियर काय म्हणतात त्यावर चालू नको, बरेच जण अजून जुन्याच नियमाच्या धास्तीने पैसे भरून राहिले.

आता कुठे पाठवायचा. रिसर्च इन आफ्रिकन लिटरेचर्स हे या विषयातलं जुनं नाव, १९७० मध्ये टेक्सासमध्ये बर्न्थ लिंडफोर्स यांनी सुरू केलं, आता इंडियाना युनिव्हर्सिटी प्रेस काढते. तिथे लागणं अवघड आहे पण अशक्य नाही. पण माझं मन विचारशील तर आफ्रिकेतच निघणारी जर्नल्स आधी बघ. प्रिटोरिया विद्यापीठाचं टिडस्क्रिफ फिर लेटरकुंड, १९३६ पासूनचं, नाव आफ्रिकान्स भाषेतलं पण पेपर इंग्रजीतही असतात, अख्ख्या आफ्रिकेच्या साहित्यावर, आणि वाचायला सगळं मोकळं. ऱ्होड्स विद्यापीठाचं इंग्लिश इन आफ्रिका १९७४ पासून आहे. आपण आफ्रिकेवर लिहितो आणि आफ्रिकेतल्या माणसाने ते वाचावं असं आपल्याला वाटतच नाही, अमेरिकेत छापलं की झालं, हे मला खरंच पटत नाही. उद्या कुणी केनियात बसून बेबीताई कांबळेंवर लिहिलं आणि महाराष्ट्रातल्या एकाही माणसाला दाखवलं नाही तर आपल्याला कसं वाटेल?

पाठवायच्या आधी मात्र त्या जर्नलचे अलीकडचे दोन अंक पूर्ण वाच, नुसते अॅबस्ट्रॅक्ट नाही. माझ्याकडे येणारी एक मुलगी होती, तिचा पेपर आठ महिन्यांनी परत आला, सोबत दोन रिव्ह्यू, म्हणजे पेपर वाचणाऱ्या जाणकारांचे शेरे. एका रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की तुम्ही "आफ्रिकन संस्कृती" हा शब्द चौदा वेळा वापरलाय, यातली कुठली? इग्बो, योरुबा, गिकुयू, अकान? ती रडवेली होऊन आली माझ्याकडे. मी म्हटलं, समज कुणी लिहिलं की "भारतीय लग्नात असं असं करतात" आणि ते केरळचं निघालं, तर तू काय म्हणशील? आम्ही दोघींनी बसून ते चौदाच्या चौदा शब्द पेन्सिलीने गोल केले, अकरा ठिकाणी "इग्बो" आलं, दोन ठिकाणी अख्खं वाक्यच उडालं कारण ते खरंच नव्हतं, एक तसाच राहिला. तेवढ्या एका कामाने तो पेपर सुधारला, पुढे छापला गेला. "सुधारून पुन्हा पाठवा" असं उत्तर आलं तर ते नाही म्हणणं नसतं गं, तुझ्या कामात दम दिसला म्हणूनच त्यांनी एवढं लिहायचे कष्ट घेतले.

आणि गाईडला घाबरू नको. हेच सगळं छापून त्यांच्या टेबलावर ठेव, ओकोन्क्वोला राजा म्हणणाऱ्या पानासकट. त्यांनाही हे कुणी दाखवलं नसेल.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर एकाने सांगितलं की आफ्रिकेतलं एक फार गाजलेलं साहित्यिक मासिक एका भारतीय माणसाने काढलं होतं. हे खरं की नुसतं फॉरवर्ड? – एक निवृत्त शिक्षक, बजाजनगर

खरं आहे काका, आणि तुम्ही विचारलं म्हणून मला फार आनंद झाला.

रजत नियोगी त्यांचं नाव. बंगाली घरातले, जन्म युगांडातल्या कंपालाचा. १९६१ मध्ये, वय असेल बावीस-तेवीस, त्यांनी कंपालात ट्रान्झिशन सुरू केलं. ते आजच्या अर्थाने रिसर्च जर्नल नव्हतं, रिव्ह्यूअर वगैरे काही नाही, कविता, लेख, राजकारण, पत्रव्यवहार सगळं एकत्र, पण आज जगात कुठेही आफ्रिकन साहित्य शिकवायचं म्हटलं तर त्याच्या जुन्या अंकांकडे जावंच लागतं. १९६२ च्या जूनमध्ये तिथल्याच मकेरेरे विद्यापीठात आफ्रिकन लेखकांची मोठी परिषद झाली, अचेबे आणि नायजेरियाचेच नाटककार वोले सोयिंका होते, केनियाचे पुढे गाजलेले लेखक न्गुगी वा थिओंगो तेव्हा तिथे विद्यार्थी होते. परिषद इंग्रजीत लिहिणाऱ्यांची. पुढच्या वर्षी ओबी वाली नावाच्या नायजेरियन अभ्यासकाने ट्रान्झिशनमध्ये लेख लिहिला की युरोपच्या भाषांत आफ्रिकन साहित्य लिहीत राहणं म्हणजे बंद गल्लीत शिरणं. झालं, पुढचे कितीतरी अंक पत्रांनी भरले, मोठमोठे लेखक त्यात उतरले. त्या वादातून जो प्रश्न उभा राहिला तो साठ वर्षं झाली तरी मिटला नाही.

पुढचं दुःखाचं आहे. १९६७ च्या सुमारास उघड झालं की काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम नावाची संस्था जी मदत देत होती तिच्यामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता. नियोगींना हे माहीत नव्हतं, पण डाग लागायचा तो लागला. १९६८ मध्ये युगांडाच्या ओबोटे सरकारने नियोगींना पकडलं, कारण मासिकात राज्यघटनेच्या प्रस्तावांवर टीका छापली होती. सुटल्यावर ते देश सोडून गेले, मासिक घानात आक्र्याला सुरू झालं, मग सोयिंका संपादक झाले, १९७६ मध्ये बंद पडलं, १९९१ मध्ये अमेरिकेत पुन्हा सुरू झालं अन् आता हार्वर्डमधून निघतं. नियोगी १९९५ मध्ये गेले.

हे वाचताना मला नेहमी अस्मितादर्श आठवतं. गंगाधर पानतावणे आपल्या नागपूरचेच, त्रैमासिक निघायचं औरंगाबादहून, आणि दलित साहित्यातली निम्मी भांडणं, निम्मे नवे लेखक त्याच पानांतून पुढे आले. तुमच्याकडे जुने अंक असतील तर रद्दीत देऊ नका काका. ग्रंथालयात आणून द्या, नाहीतर निदान मोबाईलने पानांचे फोटो तरी काढून ठेवा.

प्रश्न : कॉलेजला जर्नल्स ऑनलाइन वाचायचे डेटाबेस परवडत नाहीत. फुकटात आणि चोरी न करता काय वाचता येईल? – एक विद्यार्थी, काटोल रोड

तुमचं कॉलेज सरकारी असेल किंवा तू विद्यापीठाच्या विभागात असशील तर पहिले ग्रंथपालांना वन नेशन वन सबस्क्रिप्शन विचार. जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची योजना, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास जर्नल्स, आणि बऱ्याच ठिकाणी लॉगिन येऊन पडलंय पण मुलांना कुणी सांगितलंच नाही. खाजगी कॉलेजात असशील तर ते मिळत नाही, मग जेस्टोरवर स्वतःचं खातं काढ, महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचायला देतात.

पण खरा खजिना आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइनवर आहे, लोक त्याला अजोल म्हणतात. १९९८ मध्ये सुरू झालं, आता दक्षिण आफ्रिकेतल्या मखांडा गावातून चालतं, आफ्रिकेत निघणारी पाचशेच्या वर जर्नल्स तिथे आहेत आणि त्यातली बरीच मोकळी. प्रत्येक जर्नलला तिथे तारे दिलेत, तीन तारे म्हणजे काम चोख, एकही तारा नसला तर जरा जपून. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९७० मध्ये सुरू केलेलं उफाहामू हे जर्नल पण मोकळं आहे, आणि विद्यार्थीच चालवतात म्हणून तुझ्यासारख्याला तिथलं लिखाण जवळचं वाटेल.

प्रश्न : मॅडम, एका नायजेरियन विद्यापीठाच्या जर्नलला पेपर पाठवून दहा महिने झाले, उत्तर नाही. वेबसाइटवरचा शेवटचा अंक पण दोन वर्षांपूर्वीचा. हे पण बोगसच समजायचं का? – सहायक प्राध्यापक, सदर

नाही सर, बोगस आणि गरीब यात फरक आहे, आणि हा फरक ओळखता आला नाही की आपण चांगल्या माणसांवर अन्याय करतो.

बोगस जर्नल कधीच उशीर करत नाही, तीन दिवसांत छापतं. उशीर होतो तो खऱ्या माणसांकडून. तिकडची कितीतरी जर्नल्स एकेका विभागाने काढलेली आहेत, संपादक म्हणजे तिथलाच प्राध्यापक, दिवसाला चार तास शिकवणार, उरलेल्या वेळात पेपर वाचणार, त्याचा पगार वेगळा नाही, वीज गेली की सगळं थांबतं, आणि मधेच प्राध्यापकांचा संप झाला की महिनोन् महिने विद्यापीठच बंद. १९८० च्या दशकात तर कर्जाच्या अटींमुळे चलन घसरलं, कागद महागला, विद्यापीठांचं अनुदान कापलं गेलं, आणि साठ-सत्तरच्या दशकात दिमाखात सुरू झालेली कितीतरी जर्नल्स तेव्हा बंद पडली किंवा दोन-दोन वर्षांचे अंक एकत्र काढायला लागली. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांचं काय झालं ते तुम्ही बघितलंच असेल.

तरी लोकांनी सोडलं नाही. सेनेगलमधल्या डकारला १९७३ मध्ये कोडेस्रिया ही संशोधकांची संस्था उभी राहिली, ती इंग्रजी, फ्रेंच, अरबी, पोर्तुगीज चारही भाषांत काम करते, तिचं आफ्रिका डेव्हलपमेंट हे जर्नल १९७६ पासून निघतंय. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट वेगळी, तिथे मान्य जर्नलमध्ये पेपर छापला की सरकार विद्यापीठाला पैसे देतं, त्यामुळे तिथली जर्नल्स टिकली, पण पेपरांचे ढीग पण वाढले.

आणि दुसऱ्या बाजूला काय चाललंय ते पण बघा. रायन ब्रिग्ज आणि स्कॉट वेदर्स या दोघांनी आफ्रिकन राजकारणावरच्या दोन मोठ्या ब्रिटिश जर्नल्सचे १९९३ ते २०१३ चे सगळे लेख मोजले आणि २०१६ मध्ये लिहिलं की आफ्रिकेत राहणाऱ्या लेखकांचे पेपर येणं वाढलं पण छापले जाण्याचं प्रमाण घटत गेलं. म्हणजे आफ्रिकेबद्दलच्या जर्नलमध्ये आफ्रिकेतल्याच माणसाला जागा कमी. मग तिथल्या विभागांनी धडपडून आपली जर्नल्स चालवायची आणि आपण उशीर झाला म्हणून त्यांना बोगस म्हणायचं, हे बरोबर नाही.

तुम्ही काय करा, संपादकांना साधा दोन ओळींचा मेल टाका, पेपरचं नाव, पाठवल्याची तारीख, आणि सध्या कुठल्या टप्प्यावर आहे एवढंच. महिनाभर उत्तर आलं नाही तर "मी पेपर मागे घेतो" असा दुसरा मेल स्पष्ट लिहून पाठवा आणि मगच दुसरीकडे द्या, एकाच वेळी दोन जर्नल्सकडे पेपर कधीच नको. शोधताना त्यांचे जुने पेपर वाचले असतील, उपयोगी पडले असतील, तर तुमच्या पुढच्या लिखाणात त्यांचा संदर्भ द्या. त्यांना पैशापेक्षा त्याची जास्त गरज आहे.

एक गोष्ट राहिली. तुम्ही पत्रात मोठ्या प्रकाशकांच्या फीबद्दल पण विचारलंय. बऱ्याच मोठ्या जर्नल्समध्ये दोन रस्ते असतात, ओपन ॲक्सेस, म्हणजे पेपर कुणालाही फुकट वाचता येईल असा पर्याय, घेतला तर फी, नाही घेतला तर एक रुपया पण लागत नाही. फॉर्म भरताना घाईघाईत पहिला पर्याय टिक होतो आणि मग लाखाच्या वरचं बिल बघून लोक हबकतात. गरीब देशांना फी माफ असते पण भारत बहुतेक वेळा त्या यादीत बसत नाही.

प्रश्न : माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं. आफ्रिकन लोक स्वतःच्या भाषेत रिसर्च लिहितात का? मी न्गुगींवर मराठीत लिहिलं तर त्याला काही किंमत आहे का? – एमएची विद्यार्थिनी, मूळ गाव हिंगणघाट

लिहितात. टांझानियातल्या दार एस सलाम विद्यापीठाचं किस्वाहिली नावाचं जर्नलच आहे, पूर्व आफ्रिकेतल्या त्याच नावाच्या भाषेवर अन् त्याच भाषेत. आणि ज्यांच्यावर तुला लिहायचंय त्या न्गुगींनी तर १९९४ मध्ये अमेरिकेत राहून मुतिरी नावाचं, त्यांच्या मातृभाषेतलं म्हणजे गिकुयू भाषेतलं जर्नल काढलं, कारण त्यांचं म्हणणं होतं की आपल्या भाषेत नुसत्या गोष्टी नाही, विचार पण करता आला पाहिजे, टीका पण लिहिता आली पाहिजे. ते मे २०२५ मध्ये गेले. अशा माणसावर मराठीत लिहायला तू परवानगी काय मागतेस?

किंमत आहे, आणि प्रमोशनच्या वेळी बरेचदा ती कमी धरली जाते हे पण खरं आहे, दोन्ही तुला माहीत असायला हवं. इंग्रजीत एक पेपर पुढे लिही, नोकरीसाठी लागेल. पण पहिला मराठीत लिही. विदर्भ साहित्य संघाचं युगवाणी आहे, झाशी राणी चौकात जा, अंक चाळ, संपादकांना भेट. तुझ्या हिंगणघाटच्या बोलीत एखादा गिकुयू शब्द कसा बसतो हे नैरोबीतल्या कुठल्याच प्राध्यापकाला सांगता येणार नाही, ते तूच सांगू शकतेस.

प्रश्न : मी चित्रकला शिकते. पूर्व आफ्रिकेतलं कांगा कापड आणि आपल्याकडची छपाई यावर काम करायचंय. माझ्याकडे फोटो भरपूर आहेत. कुठलं जर्नल? – एक वाचक, धरमपेठ

विषय फार सुंदर निवडलास. आफ्रिकन आर्ट्स बघ, १९६७ पासून लॉस एंजेलिसहून निघतं, वर्षाला चार अंक, कापडावर त्यांच्याकडे भरपूर आलंय. न्का नावाचं दुसरं आहे, ओक्वी एन्वेझोर यांनी १९९४ मध्ये काढलं, इग्बोत त्या शब्दात कला आणि घडवणं दोन्ही येतं, पण ते आजच्या चित्रकारांवर जास्त असतं, तुझ्या कापडाला पहिलंच बरं.

फोटोंचं आत्ताच नीट कर, नंतर फार त्रास होतो. कापड कुणाचं, कुठे घेतलं, कुठल्या साली, लांबी-रुंदी किती, फोटो कुणी काढला हे प्रत्येक फोटोमागे लिहून ठेव. संग्रहालयातला फोटो असेल तर लेखी परवानगी लागते, ती जर्नल आणून देत नाही, तुलाच आणावी लागते. कांगा नेसलेल्या आजीबाईंचा फोटो असेल तर त्यांना विचारूनच.

गुजरातमधल्या जेतपूरला आजही आफ्रिकेसाठी कांगा छापला जातो, जमलं तर तिथे एकदा जाऊन ये. आणि कांग्याच्या खालच्या काठाजवळ किस्वाहिलीत एक ओळ छापलेली असते, तिला म्हण समज किंवा टोमणा समज, तीच त्या कापडाची ओळख. फोटो काढताना बऱ्याच जणी नक्षी घेतात अन् ती ओळ घडीत जाते. तुझ्या पाठवलेल्या सहा फोटोंपैकी चारांत ती अर्धीच दिसतेय. कापड पूर्ण पसरून पुन्हा काढ, ओळ जशी आहे तशी वहीत उतरव, आणि अर्थ मोबाईलवरून घेऊ नको, किस्वाहिली बोलणाऱ्या माणसाकडून घे. नागपुरात शिकायला आलेली आफ्रिकेतली मुलं आहेत, तुझ्या कॉलेजमधून विचारलंस तर कुणी ना कुणी सापडेल.